जुनी साडी शोधावी, पारखावी आणि नेसावी कशी

पहिली जुनी साडी मी विकत घेतली ती दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली. हिरवा बनारसी शालू होता, पदर भरगच्च होता, आणि विक्रेत्याने तो घडीतच माझ्या खांद्यावर टाकून समोर आरसा धरला. मावसबहिणीच्या लग्नात मी तो नेसले, पंगतीला मांडी घालून बसले आणि गुडघ्यावर टर्रकन आवाज झाला. घरी येऊन शालू पलंगावर पसरला तेव्हा दिसले की प्रत्येक घडीच्या रेषेवर रेशीम आधीच चिरलेले होते, आणि मी तो घेताना एकदाही पूर्ण उलगडला नव्हता. त्यानंतर घेतलेल्या, नाकारलेल्या आणि काही दुरुस्त करून आजही नेसत असलेल्या साड्यांनी जे शिकवले, ते या वाटेला नव्याने लागणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडले आहे.

लेख मुख्यतः आपल्याकडच्या साड्यांपुरता आहे. जुने कोट, शाली आणि गिरणीचे कापड यांचा उल्लेख ओघात येईल, परंतु पारखण्याची रीत सगळीकडे बरीचशी सारखीच आहे.

सोबत काय असावे

- दहापट दाखवणारे छोटे भिंग; सोनाराकडे असते तसे
- पांढरा सुती रुमाल आणि थोडे पाणी
- मोजपट्टी, कारण विक्रेत्याच्या हाताची ‘वार’ आणि आपली वार यांत फरक पडतो
- स्वच्छ सुती पिशवी किंवा जुनी धुतलेली चादर
- वही, तीत साडीचे वर्णन, किंमत, तारीख आणि विक्रेत्याने सांगितलेली माहिती लिहावी

अंगठ्या आणि बांगड्या घरीच ठेवाव्यात. जुन्या रेशमात त्या अडकल्या की नुकसान तुमच्या हातून होते आणि मग साडी घ्यावीच लागते.

१. शोधाची सुरुवात घरच्या ट्रंकेपासून करा

बाजारात जाण्यापूर्वी आजी, आत्या, मावशी आणि मोठ्या काकू यांच्याकडे एक दुपार घालवावी. साडी मागण्यासाठी जाऊ नये, पाहण्यासाठी जावे. ट्रंक उघडली की ही साडी कोणाच्या डोहाळजेवणाची, ती कोणाच्या मुंजीतली, हे आपोआप बोलले जाते, आणि बाजारात कोणीही सांगू शकणार नाही अशी खात्रीची माहिती तुमच्या वहीत उतरते. खरी जर हाताला कशी लागते, जुन्या इरकलीचे सूत किती मऊ होते, हे बोटांना एकदा कळले की पुढची अर्धी फसवणूक टळते.

एक अडचण आधीच सांगते. आपल्याच घरातल्या पणजीची पैठणी प्रत्येक मंगलकार्यात कौतुकाने बाहेर काढणारी माणसे बाजारातून आणलेल्या जुन्या साडीला मात्र ‘कोणाची तरी उतरलेली’ म्हणून नाक मुरडतात. माझ्या सासूबाईंनी पहिले वर्षभर माझ्या अशा साड्या देवघराजवळ येऊ दिल्या नाहीत. वाद घालण्यापेक्षा साडी स्वच्छ करून, उन्हाची वेळ टाळून हवेशीर जागी पसरून, त्यांनाच तिचा काठ ओळखायला सांगणे मला अधिक उपयोगी पडले.

२. बाजार कोणता आणि कोणत्या वेळी

जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण ही या व्यवहाराची पहिली कडी आहे. घरोघरचे गाठोडे आधी तिच्या हाती येते आणि मग ते ठोक बाजारात जाते. तुमच्या गल्लीत येणाऱ्या मावशींना तुम्हाला काय हवे ते नेमके सांगून ठेवावे, आणि त्यांना ठोक बाजारात मिळाला असता त्यापेक्षा जास्त भाव द्यावा. मला मिळालेल्या सर्वांत चांगल्या दोन नारायणपेठ साड्या अशाच दारात चालत आल्या.

मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवरची पक्की दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. तेथे पहाटे लवकर पोहोचणाऱ्यालाच निवड मिळते. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरत आला आहे, तरी निघण्यापूर्वी जागेची चौकशी करावी. माझे मत असे की या दोन्ही ठिकाणी जुने कोट, गरम कपडे आणि पितळी बटणे अधिक चांगली मिळतात. जरीच्या उत्तम साड्या तिथपर्यंत क्वचितच पोहोचतात. याचे कारण पुढे जरीच्या भागात येईल.

समाजमाध्यमांवरून घेत असाल तर दिवसाच्या उजेडातली छायाचित्रे मागावीत, आणि त्यांत उलटी बाजू, निऱ्यांचे टोक, पदराची घडी आणि उजेडासमोर धरलेले कापड एवढे असलेच पाहिजे. ‘उलटी बाजू नंतर पाठवते’ असे उत्तर आले आणि छायाचित्र आले नाही, तर व्यवहार तिथेच सोडावा.

३. आपण काय पाहत आहोत ते ओळखा

नवख्या खरेदीदाराला प्रत्येक जरीकाठी साडी ‘पैठणी’ म्हणून विकली जाते. म्हणून चार-पाच जाती तरी डोळ्यांखालून गेलेल्या असाव्यात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी वस्त्रे पाहायला मिळतात. एक फेरी तिकडे अवश्य करावी.

पैठणीच्या पदराची जमीन जरीने भरलेली असते आणि तिच्यावर असावली, मुनिया, कमळ किंवा बांगडी मोर ही नक्षी रंगीत रेशमाने विणलेली असते. हे काम ताण्यातल्या (उभ्या) धाग्यांवर एकेका रंगाचे बाण्याचे (आडवे) धागे गुंतवत हाताने होते, त्यामुळे पदराची सुलट आणि उलट बाजू जवळजवळ सारखीच दिसते. उलट्या बाजूला सुटे, लोंबते धागे किंवा कापलेल्या धाग्यांची लव दिसली, तर ती नक्षी यंत्रमागावर वा जॅकार्डवर निघालेली आहे, मग विक्रेता तिचे वय काहीही सांगो.

इरकलीची ओळख पदराच्या सांध्यावर होते. कर्नाटकातल्या इलकल गावच्या या साडीत अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळा असतो, आणि दोन्ही ताणे फासे घालून एकमेकांत अडकवलेले असतात. या रीतीला कोंडी म्हणतात. लाल पदरावरचे पांढरे दातेरी पट्टे म्हणजे टोपे तेनी. सांध्याच्या जागी शिवण दिसली तर ती मूळ इरकल नव्हे, किंवा तिचा पदर बदललेला आहे. विदर्भाच्या करवतकाठी टसरीचा काठ नावाप्रमाणे करवतीच्या दात्यांसारखा असतो. नारायणपेठेत चौकडी आणि साधा, सपाट काठ दिसतो. चोळीचा खण बहुधा गुळेदगुड्डचा असतो, आणि जुने खणाचे तुकडे स्वस्तात मिळाले तर सोडू नयेत.

ज्यांना अगदी कमी खर्चात हात बसवायचा आहे त्यांनी मुंबईच्या गिरण्यांच्या वॉइलपासून, म्हणजे पातळ सुती कापडापासून, सुरुवात करावी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर ज्या गिरण्यांचे भोंगे थांबले, त्यांचे छापील वॉइल अजून कपाटांतून निघते. ते धुता येते, रोज नेसता येते, आणि चूक झाली तरी मन फारसे खट्टू होत नाही.

वय ठरवण्यासाठी कापडाच्या टोकावरचा गिरणीचा छाप किंवा चिकटलेली कागदी चिठ्ठी असल्यास ती वाचावी. किंमत आण्यांत असेल तर कापड १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे सुरू होण्यापूर्वीचे असण्याची शक्यता मोठी. लांबी केवळ वारांत छापलेली असेल तर ते बहुधा मीटर रूढ होण्यापूर्वीचे, म्हणजे साधारण १९६० च्या आसपासचे किंवा त्याआधीचे. रेशमात प्लास्टिकची जर दिसली तर ‘पेशवाईतली साडी’ ही कथा ऐकून घ्यावी आणि पुढे निघावे.

४. साडी पूर्ण उलगडा आणि उजेडासमोर धरा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि विक्रेते यालाच सर्वांत जास्त कंटाळतात. दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात साडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातांतून सरकवावी, शक्य तर दोघींनी दोन टोके धरून. उजेडासमोर धरल्यावर विरलेल्या जागा जाळीसारख्या दिसतात. चमक पाहू नये. ती विझलेली साडीही दहा वर्षे टिकते, आणि लखलखणारी साडी पहिल्याच बैठकीत फाटते.

पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा घडीची. वर्षानुवर्षे त्याच रेषेवर मोडलेले रेशीम तिथेच तुटते, आणि जरीच्या पदरात तर धातूमुळे लवकर तुटते. दुसरी जागा नऊवारीत बसण्याच्या आणि कासोट्याच्या भागाची, तर सहावारीत निऱ्यांखालच्या काठाची. तिसरी खांद्यावरची, जिथे पिनांची भोके असतात. चौथी जागा मी मुद्दाम शेवटी पाहते: कमरेत खोचले जाणारे आतले टोक. त्याला ऊन लागलेले नसते, त्यामुळे साडीचा मूळ रंग तिथे कळतो, आणि बाकीचे अंग त्या मानाने किती उतरले आहे याचा अंदाज येतो.

विरळ वाटणाऱ्या जागी दोन्ही अंगठे बोटभर अंतरावर ठेवून कापड हलकेच ताणावे, आधी उभ्या आणि मग आडव्या दिशेने. धागे सरकून परत जागेवर आले तर कापडात जीव आहे. बारीक चर्रर्र आवाज आला किंवा धुळीसारखे कण पडले तर रेशीम कुजलेले आहे, आणि ते कोणताही रफूगर वाचवू शकत नाही.

आता दंडाविषयी. पूर्वी लुगडे मध्ये विरले की तो भाग कापून, उरलेली टोके जोडून, मधोमध शिवण घालत असत. यालाच दंड घालणे म्हणत. दंड घातलेली साडी वाईट नव्हे, उलट कोणीतरी ती मनापासून वापरल्याची ती खूण आहे, आणि निऱ्यांत तो लपतोही. परंतु दंडामुळे लांबी घटते. नऊवार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर, मोजपट्टीवर साडेसहा-सात मीटर भरले तर कासोटा नीट बसणार नाही, आणि तसा भाव कमी करून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. लांबीबरोबर पन्हा, म्हणजे रुंदीही मोजावी. अनेक जुन्या साड्यांचा पन्हा हल्लीच्या मानाने कमी असतो, आणि उंच बाईला ती सहावारी नेसली की घोटे उघडे राहतात.

शेवटी ओला रुमाल आतल्या टोकावर दाबून पाहावा. रुमालावर रंग आला तर ती साडी पावसाळ्यात नेसता येणार नाही, आणि फिकट परकरावर तर कधीच नाही.

५. जर खरी की खोटी

खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळून तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. ‘टेस्टेड’ जरीत तार तांब्याची असते आणि तिच्यावर चांदीचे पाणी चढवलेले असते. तिसरा प्रकार चमकीच्या प्लास्टिकचा. भिंगातून पाहिल्यास पहिल्या दोहोंत गुंडाळी दिसते. प्लास्टिक मात्र एकसारख्या पट्टीसारखे चमकते.

पदराच्या दशांमधून एखादा सुटा धागा विक्रेत्याच्या परवानगीने घ्यावा. तो सोनाराच्या कसोटीवर घासला तर चांदीचा कस पांढुरका आणि तांब्याचा तांबूस उमटतो. जुनी खरी जर काळवंडते, आणि मला ते काळवंडणे आवडते. तांब्याची जर तांबूस होते आणि दमट कपाटात तिच्यावर हिरवट डाग धरतात. धागा जाळून पाहायचा असेल तर घरी पाहावा. प्लास्टिक आकसून त्याचा कडक मणी होतो, रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, आणि चांदीची तार शिल्लक राहते.

शिल्लक राहणाऱ्या या तारेमुळेच जुन्या साड्या बाजारात दिसेनाशा झाल्या. जुन्या जरीच्या साड्या वजनावर घेऊन, जाळून, त्यांतली चांदी काढण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालत आला आहे, आणि किती तरी शालू भट्टीत गेले आहेत. याचा खरेदीदाराला एक व्यावहारिक उपयोग आहे: जरीचा व्यापारी त्या साडीला जो भाव देईल, तो तिचा तळ समजावा. त्याच्यावर तुम्ही पैसे देता ते विणकामासाठी आणि ती नेसता येण्याजोगी असल्यासाठी. ‘शंभर वर्षांची’ या शब्दासाठी वेगळे पैसे देऊ नयेत. साडीची जर खरी आहे असे विक्रेता सांगत असेल तर ते पावतीवर लिहून मागावे. बहुतेक वेळा पेन हातात आल्यावर भाषा बदलते.

६. घरी आणल्यावर घाई करू नका

आणलेले वस्त्र थेट कपाटात ठेवू नये, कारण कसर लागलेला एक कपडा बाकीचे दहा खातो. आधी ते सावलीत, पंख्याखाली, चादरीवर दोन-तीन दिवस पसरावे. कुबट वास बराचसा याने जातो. कोट असल्यास शिवणी आणि खिशांचे कोपरे ढेकणांसाठी तपासावेत. लोकरी वस्त्र हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवल्यास कसरीच्या अळ्या मरतात.

सुती वॉइल आणि पक्क्या रंगाचे सुती लुगडे रिठ्याच्या गाळलेल्या पाण्यात हलक्या हाताने धुता येते. पिळू नये. आर्ट सिल्क म्हणून विकले गेलेले जुने कापड बहुधा रेयॉन असते आणि ते ओले असताना फार दुबळे होते, म्हणून त्याला दोरीवर टांगून वाळवू नये. जरीचे रेशीम घरी धुऊच नये. ते ड्रायक्लीनरकडे द्यावे, पण ‘पॉलिश’ किंवा रोलरची इस्त्री करू नका असे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी सांगितलेले काउंटरच्या मागे पोहोचत नाही, हे मी एक नारळी काठ कायमचा चपटा झाल्यावर शिकले.

७. दुरुस्ती

लहान भोकाला रफू पुरतो. विरळ झालेल्या भागाखाली त्याच रंगाची मलमल किंवा मऊ जाळी ठेवून ती बारीक टाक्यांनी धरावी. चिकटपट्टी आणि इस्त्रीने चिकटणारे अस्तर वापरू नये, कारण त्यांचा चिकटपणा रेशमात मुरतो. फॉल लावायचा असेल तर सुती लावावा आणि आधी भिजवून आटवून घ्यावा. अन्यथा पहिल्या धुण्यात तो आटतो आणि काठ चुरगळतो. नऊवारी कापून शिवून घेण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. मी देत नाही. नेसायला शिकण्यास दोन रविवार लागतात.

८. नेसताना

पहिल्यांदा साडी घरीच दोन तास नेसावी, मांडी घालून बसावे, जिना चढावा. जे फाटायचे ते पंगतीऐवजी घरी फाटलेले बरे. पोलके नवे शिवावे, कारण जुन्या पोलक्याच्या काखेत घामाने कापड सडलेले असते. जुन्या खणाचा तुकडा असेल तर तो पाठीला वापरून काखेचा भाग नव्या सुती कापडाचा करता येतो. अत्तर साडी नेसण्यापूर्वी लावावे आणि वाळू द्यावे. पिन लावायचीच असेल तर पदराच्या जरीत न लावता आतल्या पदराखाली छोटी सुती पट्टी टाकून तिच्यातून लावावी.

सणाला भारी पैठणी नेसण्यात आनंद आहेच, पण माझी सर्वांत जास्त नेसली जाणारी साडी म्हणजे एक निळी इरकल आहे, जिच्यात दोन दंड आहेत. ती ऑफिसात कोणाच्या लक्षातही येत नाही. एकदा मात्र लोकलमध्ये शेजारी बसलेल्या आजींनी न विचारता काठ चिमटीत धरला आणि ‘गोमी काठ ना गं?’ एवढेच विचारले; गोमी हा इरकलीच्या काठाचा एक प्रकार. दादरपर्यंत आम्ही त्यावरच बोललो.

९. परदेशी न्यायची किंवा पाठवायची असल्यास

परदेशी राहणाऱ्या मराठी घरांतून हा प्रश्न वारंवार येतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि त्यांत वस्त्रेही येऊ शकतात. वस्तू तेवढी जुनी नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेता येते. म्हणून साडीची खरेदीची पावती, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि घराण्यातली असल्यास लग्नातले जुने छायाचित्र एकत्र ठेवावे. विक्रेत्याने पावतीवर हौसेने ‘दीडशे वर्षे जुनी’ लिहिलेले असेल तर ते विमानतळावर तुमच्याच अंगाशी येते. शाल ‘शाहतूश’ म्हणजे चिरू या रानटी प्राण्याच्या लोकरीची म्हणून दाखवली गेली तर ती हातातही घेऊ नये. तिचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे.

१०. ठेवणे

नेसून झालेली साडी त्याच रात्री घडी करू नये. घाम आणि दमटपणा निघेपर्यंत ती चादरीवर पसरलेली राहू द्यावी. मग धुतलेल्या, खळ काढलेल्या मलमलीत गुंडाळून आडवी ठेवावी. जड जरीची साडी हँगरला टांगली की तिच्याच वजनाने खांद्याच्या जागी ओढली जाते. प्लास्टिकची पिशवी नको, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. वेखंड, लवंगा किंवा वाळलेली कडुनिंबाची पाने पुरचुंडीत बांधून मलमलीच्या बाहेर ठेवावीत. दर तीन महिन्यांनी घडी मोडून नव्या रेषेवर घालावी. माझ्याकडे हे काम दसरा, संक्रांत, पाडवा आणि आषाढी या चार दिवसांना बांधून टाकले आहे. प्रत्येक साडीसोबत एक चिठ्ठी असते, तीत साडी कोणाची, कोठून आली आणि शेवटची घडी कधी मोडली हे लिहिलेले असते. चिठ्ठी पेन्सिलने लिहावी, कारण पावसाळ्यात शाई कापडावर उतरते.